दुपारी दोनची बिमारी

आमची छपाईची ऑफसेट मशीन सकाळभर मस्त चालायची आणि दुपारचे दोन वाजले की बंद पडायची. एकदाच नाही, दोन ते पाचच्या मधात सात-आठ वेळा. जळाल्याचा वास नाही, कसला खडखडाट नाही, जास्त लोड आला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले ट्रिप नाही, नुसता पॅनलमधून "टक" असा आवाज यायचा, मोटरला लाईन देणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, सुटायचा, सिलिंडर अर्धा-एक चक्कर मारून थांबायचा. हिरवं बटन दाबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. ही गोष्ट मागच्या वर्षीच्या लग्नसराईची आहे, लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेली, पण परवा एका दुसऱ्या प्रेसवाल्या मित्राचा अगदी हाच फॉल्ट घेऊन फोन आला म्हणून आज सगळं सविस्तर लिहून टाकतो.

आमचं गाव वरूडकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. धड गाव नाही, धड शहर नाही. प्रेसमध्ये मी, एक हेल्पर पोरगा आणि बाइंडिंगला दोन बाया. संत्रा व्यापाऱ्यांची बिलबुकं, कृषी केंद्राची पावतीपुस्तकं, शाळेची प्रगतीपत्रकं, पुण्यतिथीच्या कार्यक्रमाची पत्रकं आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नाच्या पत्रिका. मशीन सिंगल कलर, सेकंडहँड, माझ्या हाती आली तेव्हाच तिनं दोन मालक पाह्यले होते. मेकॅनिकल बाजूनं अजूनही घोडी आहे. वायरिंग मात्र तीन वेगवेगळ्या वायरमननी तीन वेगवेगळ्या मूडमध्ये केलेली.

ज्यानं मशीन चालवली नाही त्याला वाटेल की पडली बंद तर पडली, बटन दाबा अन् चला पुढं. तसं नसते ना. ऑफसेटमध्ये प्लेटवर पाणी आणि शाईचा तोल असतो, जिथं छपाई नाही तिथं पाण्याचा बारीक थर बसतो म्हणून तिथं शाई धरत नाही. मशीन अचानक थांबली की आमच्याकडच्या ४४-४५ डिग्रीच्या दुपारी ते पाणी पाहता पाहता सुकते, आणि पुन्हा चालू केली की प्लेट भरते, म्हणजे कोऱ्या जागेवर काळपट पडदा येतो. मग स्पंज मारा, पाणी वाढवा, रद्दी शीट टाका, वीस-तीस शीट गेल्यावर छपाई जागेवर येते. जास्त वेळ थांबणार असली तर गम लावून ठेवा. पत्रिकेचा कार्ड काही रद्दीच्या भावानं येत नाही. एका दुपारी आठ वेळा बंद म्हणजे दोनशेच्या आसपास कार्ड नुसते कचऱ्यात, आणि गिऱ्हाईक समोर बाकड्यावर बसून ते मोजून राह्यलं.

"भाऊ, उद्या पत्रिका भेटन ना? आमच्या सोयऱ्याचा सकाळपासून चौथा फोन हाय."

"भेटते ना बावा, तू चहा घे."

पहिला संशय अर्थातच लाईनवर. खेड्यात प्रेस चालवणाऱ्या माणसाचा पहिला संशय नेहमी लाईनवरच जातो आणि दहात सात वेळा तो खराही निघतो. आम्ही लाईनचे इतके मार खाल्ले आहेत की विचारू नका. एकदा पावसाळ्यात डीपी जळाली, दोन दिवसांनी दुसरी बसवली, लाईन आली, मी खुशीत मशीन चालू केली तर सिलिंडर उलटा फिरायला लागला! जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली होती, आणि थ्री फेज मोटरच्या कोणत्याही दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते. सिलिंडर पटकन थांबवला पण तेवढ्यात पोरानं कागदाचा पाइल खाली घ्यायचं बटन दाबलं आणि पाइल वर चालला. वरचा लिमिट स्विच दाबला गेला तरी थांबेना, कारण तो लिमिट स्विच "वर" वाल्या कॉन्टॅक्टरचा आणि चालू होता "खाली" वाला! मेन स्विच पाडला तेव्हा फीडरचं, म्हणजे कागद आत देणाऱ्या भागाचं, डोकं वाचलं. हवेचा पंपसुद्धा उलटा फिरून ओढायच्या जागी फुंकून राह्यला होता. तेव्हापासून डीपीवर काही काम झालं असं कानावर आलं की मी आधी पंप दोन सेकंद चालवून कागद उचलणाऱ्या सकरला बोट लावून पाहतो, ओढते की फुंकते. नंतर फेज सिक्वेन्सचा रिलेही बसवला, पण बोटाची सवय काही गेली नाही.

दुसरी भानगड एक फेज जायची. वर डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला की तीनपैकी दोनच फेज येतात. थांबलेली मोटर असली तर चालू होत नाही, नुसती "हूंऽऽ" करते, ते तरी समजते. पण आधीपासून फिरत असलेली मोटर फिरतच राहते, तेवढाच लोड दोन वायरींवर ओढते, करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि अर्ध्या तासात वाइंडिंगचा कोळसा. माझी पंपाची मोटर अशीच गेली, कारण त्या मोटरला ओव्हरलोड रिले कोण्या काळी कोणीतरी काढून सरळ लूप मारलेला, म्हणजे तारेनं थेट जोडून टाकलेलं होतं. रिवाइंडिंगवाल्यानं झाकण उघडून दाखवलं तर एका फेजची गुंडाळी तांब्यासारखी लाल आणि बाकी दोन काळ्याठिक्कर. कारखान्यात, पिठाच्या चक्कीवर, प्रेसमध्ये, कुठंही थ्री फेज मोटर असली तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा राजेहो, मोटर रिवाइंड करायच्या खर्चात तो दोन वेळा येते.

तर इतका इतिहास असल्यावर दुपारी दोन वाजता मशीन पडते म्हटल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, व्होल्टेज. दुपारी शेतीची लाईन असते, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या बागांना उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागते, सगळे बोअर एकाच वेळी चालतात, व्होल्टेज बसते. ऐकायला एकदम बरोबर. कॉन्टॅक्टरची कॉइल कमी व्होल्टेजवर सुटते हेही खरंच आहे. एकानं तर सर्वो स्टॅबिलायझरचं कोटेशनसुद्धा आणून दिलं. मी तीन दुपारी मीटर लावून बसलो. ४१५ पाहिजे तिथं ३८५, ३९०, एकदा ३७०. चांगलं नाही, पण मशीन सुटावी इतकंही नाही. आणि मुख्य म्हणजे ३७० होतं तेव्हा मशीन चालू होती आणि ३९५ ला पडली. स्टॅबिलायझरवाल्याला नाही म्हटलं.

मग नागपूरहून मेकॅनिक बोलावला. माणूस हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण तो आला सकाळी नऊच्या गाडीनं. मशीन सकाळी नऊ ते बारा अशी चालली की मलाच शरम वाटली. त्यानं पॅनल उघडलं, मेन कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे झाले होते ते दाखवले, कॉन्टॅक्टर बदलला, एक रिले बदलला, सगळे स्क्रू टाइट केले, मेन बंद करून मीटरच्या बीपरवर पूर्ण सेफ्टी लाईन तपासली, सगळीकडं बीप आला. "आता काही नाही होत भाऊ." जेवला, पैसे घेतले, दीडच्या बसनं गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी टक.

तो बसमध्ये असतानाच मी फोन केला. तो म्हणे, "मग गार्डचे स्विच दगा देऊन राह्यले असतीन, एकेक लूप मारून पाहा."

आता हे लूप प्रकरण जरा सांगतो. मशीनच्या प्रत्येक झाकणाखाली, म्हणजे गार्डखाली, एक मायक्रोस्विच असतो. गार्ड उघडलं की स्विच तुटतो आणि मशीन थांबते, म्हणजे हात आत जायच्या आधी सिलिंडर थांबावा. हे सगळे स्विच आणि लाल इमर्जन्सी बटनं एकामागं एक माळेसारखी जोडलेली असतात, माझ्या मशीनला २४ व्होल्ट डीसीवर. माळेतला एक मणी सुटला की पूर्ण मशीन बंद. आणि खेड्यापाड्यातल्या निम्म्या प्रेसमध्ये या स्विचांना तारेचा तुकडा लावून कायमचं जोडून टाकलेलं असते, कारण स्विच त्रास देते, काम अर्जंट असते, आणि लूप मारायला दोन मिनिटं लागतात.

मी ज्यांच्या हाताखाली मशीन शिकलो त्या काकांच्या उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापर्यंतच आहे. मशीन चालू, ब्लँकेटवर, म्हणजे कागदावर छाप उतरवणाऱ्या रबरावर, कागदाचा कपटा चिकटला, गार्ड उचललं, कपटा काढायला हात घातला. गार्ड उचलल्यावर मशीन थांबायला पाहिजे होती, पण स्विचला लूप होता, आणि तो लूप त्यांनी स्वतःच महिन्याभराआधी मारला होता. काका हे हसत सांगतात. मला कधी हसू आलं नाही. लूप मारून "पाहतो" म्हणणारा माणूस पाहून झाल्यावर काढत नाही, हे मी माझ्या पंपाच्या मोटरवरून सांगतो, वर लिहिलंच आहे. म्हणून ठरवलं, लूप नाही, दुसरं काही शोधायचं.

अडचण काय होती पाहा. मशीन बंद करून मीटर लावला तर सगळी माळ अखंड. मशीन चालू असताना कुठंतरी ती पापणी लवायच्या आत तुटायची आणि लगेच जुळायची. पण तेवढ्यात सेफ्टी रिले सुटायचा, आणि तो एकदा सुटला की बटन दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. म्हणजे चोर चोरी करून पुन्हा लायनीत येऊन उभा. पाच मणी, त्यातला कोणता? फीडरकडची इमर्जन्सी, डिलिव्हरीकडची (छापलेला कागद बाहेर पडते तिकडची) इमर्जन्सी, ब्लँकेटचं गार्ड, शाईच्या रोलरचं गार्ड, डिलिव्हरीचं गार्ड. रिले सुटला हे कळते, कोणी सोडवला ते कळत नाही.

डोक्यात प्रकाश पडला तो मोटर स्टँडवर, खरोखरच प्रकाश. संध्याकाळी पान खायला गेलो होतो, समोर एक ट्रक उभा, नागपूरला संत्रा नेणारा, अंगभर लाल-हिरवे लाईट लुकलुकत होते. ट्रक चालते २४ व्होल्टवर. माझी माळही २४ व्होल्टची. तिथंच ट्रकचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्या पोराकडून पाच साइडचे एलईडी लाईट घेतले, पाच रंगांचे. त्यानं विचारलं, "भाऊ, ट्रक घेतला का?"

साधे फिलामेंटचे बल्ब मुद्दाम नाही घेतले, कारण बल्ब विझायला वेळ घेते, तार लाल राहते थोडा वेळ, क्षणभर करंट तुटला तर डोळ्याला दिसणारच नाही. एलईडी ताबडतोब विझते.

जोडणी अशी केली, आणि इथं थोडं लक्ष देऊन वाचा कारण इथंच लोक चुकतात. लाईट स्विचच्या दोन टोकांना आडवा लावायचा नाही. तसा लावला तर स्विच तुटल्यावर करंट लाईटमधून वाट काढते, म्हणजे तुम्ही एक प्रकारे लूपच मारला. लाईटची लाल वायर प्रत्येक मण्याच्या पुढच्या टोकाला आणि काळी वायर २४ व्होल्टच्या मायनसला, रिलेची दुसरी बाजू जिथं आहे तिथं. म्हणजे पहिल्या स्विचनंतर पहिला लाईट, दुसऱ्यानंतर दुसरा, असे पाच. सगळं ठीक असलं की पाचही चालू. तिसरा स्विच तुटला की तिसरा, चौथा, पाचवा विझणार, पहिले दोन चालू राहणार. विझलेल्यांपैकी पहिला कोण ते पाहायचं, चोर त्याच्याच दारात. जोडताना अर्थात मेन बंद, आणि नुसता बंद नाही, किटकॅटचे तिन्ही फ्यूज काढून माझ्या खिशात. बाइंडिंगवाली बाई एकदा अंधार झाला म्हणून सहज जाऊन मेन चढवून आली होती, तेव्हापासून फ्यूज खिशात हा आमच्या प्रेसचा कायदा आहे.

पाचही लाईट पॅनलच्या दारावर एका पुठ्ठ्याला चिकटवले. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा त्यांच्याकडं टक लावून बसला. सव्वादोनला टक झालं.

"कोणता विझला बे?"

"सगळेच चालू हायेत."

"आता चालू आहेत, विझला कोणता?"

"भाऊ, मी डोळे मिटलेच नाई, आईशप्पथ."

खोटं नव्हता बोलत, इतक्या कमी वेळाचं डोळ्याला दिसतच नाही. मग त्याच पोराची आयडिया. त्याच्या मोबाईलमध्ये स्लो मोशन आहे, लग्नात नाचतानाचे व्हिडिओ काढायचा. स्टूलवर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकून मोबाईल, मेमरी भरू नये म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी जुना व्हिडिओ डिलीट. चौथ्या का पाचव्या व्हिडिओत मशीन पडली. आम्ही दोघं टेबलाखाली उन्हाची तिरीप चुकवून एका मोबाईलवर डोकं घालून बसलो. फ्रेम फ्रेम सरकवली. पाच चालू, पाच चालू, पाच चालू, चार. शेवटचा पिवळा तेवढा काळा. पुढच्या थोड्या फ्रेममध्ये पुन्हा पाच.

पिवळा म्हणजे डिलिव्हरीचं गार्ड. पोरगा असा ओरडला की बाजूचा किराणावाला पाहायला आला.

लगेच डिलिव्हरीचा मायक्रोस्विच काढला. त्याच्यावर शीट एकमेकांना डाग देऊ नये म्हणून उडवतो ती पावडर बोटभर जमलेली, शाईच्या वाफेनं तिची पेस्ट झालेली. म्हटलं हाच. नवीन स्विच टाकला, चहा सांगितला, गिऱ्हाइकाला फोन करून टाकला की रात्री या. चहाचा कप हातात असतानाच टक.

खरं सांगतो, त्या वेळी मशीन भंगारात देऊन संत्र्याची बाग करावी असं वाटलं.

पण पिवळा खोटं बोलत नव्हता. चौथ्या लाईटपासून पाचव्यापर्यंत काय काय येते? स्विच येतो, आणि स्विचपर्यंत जाणारी आणि परत येणारी वायर येते. स्विच नवीन. राहिली वायर. डिलिव्हरीचं गार्ड बिजागरीवर उघडते आणि ही वायर त्या बिजागरीच्या बाजूनं वाकून जाते. दिवसातून पन्नास वेळा गार्ड वर-खाली, किती वर्षं कोणास ठाऊक. वरून वायर एकदम चांगली, कुठं चीर नाही, सोललेली नाही. फ्यूज पुन्हा खिशात घातले आणि वायर चिमटीत धरून इंच इंच वाकवत गेलो. वायर वाकवली की आतलं तांबं थोडं अडते, तिचा एक ताठपणा असतो, बोटाला समजते. बिजागरीपासून चार बोटांवर एका जागी ती सुतळीसारखी दुमडली. काहीच अडलं नाही. ब्लेडनं वरचं प्लास्टिक चिरलं तर आत तांब्याची टोकं अलग, काळी-हिरवी पडलेली, एकमेकांना नुसती टेकून बसलेली. एकही धागा जोडलेला नव्हता. त्या टेकलेल्या टोकांवर माझी मशीन कोण जाणे किती महिने चालून राह्यली होती.

आणि दुपारीच काहून? यावर मी रात्री गच्चीवर पडून विचार केला. सकाळी वायर थंड, प्लास्टिक आखडलेलं, टोकं एकमेकांना दाबून धरलेली. दुपारी वर तापलेला टिन, खाली मशीनची गरमी, प्लास्टिक तांब्यापेक्षा जास्त फुगते, लांबते, टोकं केसभर दूर जातात, आणि मग मशीनच्या हादऱ्यानं कधीतरी सुटतात. व्होल्टेजचा, बोअरचा, बागांचा काही संबंध नव्हता. ऊन मात्र तेच होतं, म्हणून सगळ्यांची गफलत झाली, माझीही.

मधात जोड मारून टेप गुंडाळायचा मोह झाला होता, रात्रीचे आठ वाजले होते, गिऱ्हाईक दारात. पण बिजागरीवरचा जोड म्हणजे पुढच्या वर्षीचा फॉल्ट आजच पेरून ठेवणं. पूर्ण तुकडा बदलला, बारीक धाग्यांची फ्लेक्सिबल वायर टाकली, बिजागरीजवळ एक ढिला गोल वळसा सोडला म्हणजे एकाच जागी ताण नाही, आणि वरून स्लीव्ह. सगळा खर्च पन्नास रुपयांच्या आत. त्याच्या आधी कॉन्टॅक्टर, रिले, मेकॅनिकची फी, स्विच आणि रद्दी कार्ड मिळून किती गेले तो हिशेब मी बायकोला अजून सांगितला नाही.

पत्रिका रात्री दीडला निघाल्या. नवरदेवाच्या काकानं शीट हातात घेऊन पाह्यलं, म्हणे छपाई जरा फिकी वाटते का. मी काही बोललो नाही.

एक अर्थिंगचं राहिलं. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकून पाइपापासून सुटते आणि अर्थ नावाला राहते. मग मशीनच्या बॉडीला झिणझिण्या येतात, आणि कोरड्या हवेत कागदाला स्टॅटिक येऊन दोन-दोन शीट चिकटून फीडरमध्ये जातात ते वेगळंच. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात मार्चपासून रोज सकाळी एक बकेट पाणी टाकायचं काम हेल्परचं. तो तिथं टाकते का तुळशीला टाकते याचा मला डाऊट आहे, कारण तुळस मे महिन्यात हिरवीगार असते.

ट्रकचे पाच लाईट मी काढले नाहीत. पुठ्ठ्याच्या जागी पत्रा लावून पॅनलच्या दारावर कायमचे बसवले, खाली पेनानं नावं लिहिली. नागपूरवाला मेकॅनिक दिवाळीनंतर दुसऱ्या कामाला आला तेव्हा बराच वेळ पाहत उभा होता, मग फोटो काढून घेतला.

काल संध्याकाळी मशीन एकदा टक करून थांबली. पोरगा म्हणते त्याले तिसऱ्यापासून पुढचे लुकलुकल्यासारखे वाटले, म्हणजे ब्लँकेटचं गार्ड. मोबाईल लावून पाहिलं असतं, पण तेवढ्यात लाईनच गेली आणि हे लिहेपर्यंत आलेली नाही.